गोळ्यांनी उतरवलेले अडीच इंच

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (हे नुसतं रिवाज म्हणून लिहिलेलं नाही. काल दुकान बंद केल्यावर कापायच्या टेबलाशेजारी खरोखर घालून पाहिला. साष्टांगाच्या आठ अंगांत पोटाची गणती नाही, पण माझं पोटच आधी टेकलं आणि बाकीची आठ आपापली पाळी यायची वाट बघत राहिली. भावना तेवढी पोचवून घे.) तुझं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल, गुडघे जिन्याशी जुळवून घेत असतील, भावोजींचा खोकला त्यांच्या स्वभावासारखाच अधूनमधून डोकं वर काढून पुन्हा गप्प बसत असेल, असं धरून चालतो. धरून चालण्यावाचून इलाज नाही, कारण तेवीस दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. भावोजी उचलतात, पण ते "ती आंघोळीला गेलीय" याच्यापुढे जात नाहीत. तेवीस दिवस माणूस आंघोळ करत नाही हे मलाही कळतं, पण भावोजींना खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे मी त्यांना जास्त ताणत नाही.

आधी कामाचं. मी पोस्टाने पाठवलेलं खोकं उघडलं नसशील तर उघडू नकोस. उघडलं असशील तर आतली गोळी घेऊ नकोस. आणि घेतली असशील तर हे पत्र अर्धवट टाकून तुझ्या डॉक्टरांकडे जा, बाकीचं आल्यावर वाच. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की ब्लडप्रेशरच्या माणसाने त्या गोळीच्या वाटेलाही जाऊ नये. हे एवढं फोनवर सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं, पण तू आंघोळीत.

आता ते खोकं मी का पाठवलं, आणि तुझ्या कोटाच्या दिवशी दुकानात मी जे बोललो ते का बोललो, हे सगळं मुळापासून सांगतो. तुला घाई असेल, पण तू आयुष्यभर मुख्याध्यापिका होतीस, उशिरा आलेल्या मुलाचं कारण पूर्ण ऐकल्याशिवाय त्याला बाहेर उभं केलं नाहीस. तेवढी सवलत सख्ख्या भावालाही दे.

सुरुवात टेबलापासून झाली. आमचं कापायचं टेबल रुंद आहे, हे तू पाहिलंयस. पूर्वी मी एका बाजूला उभा राहून पलीकडच्या कडेचा खडू उचलायचो. गेल्या वर्षी खडू लांब गेला. मग कात्री लांब गेली. मग एक दिवस टेबलाच्या मध्यावर ठेवलेलं चष्म्याचं घरही हाताला लागेना, आणि वस्तू लांब जात नसून मीच टेबलापासून लांब ढकलला जातोय हे लक्षात आलं. (मधे पोट होतं.) तू लहानपणी मला टाचणी म्हणायचीस. त्या टाचणीला इतकं मोठं डोकं मधोमध फुटेल असं तुलाही वाटलं नसेल.

समोरच्या औषधवाल्याने त्याच सुमारास काचेत एक पुठ्ठ्याचा माणूस उभा केला. पुठ्ठ्याचा माणूस भल्यामोठ्या पँटमध्ये उभा आहे, पँटचा कमरपट्टा एका हाताने पुढे ओढून धरलाय आणि आत दुसरा माणूस मावेल एवढी मोकळी जागा दाखवून हसतोय. खाली दोन डबे. सकाळची पांढरी गोळी चरबी जाळणार, जेवणानंतरची निळी कॅप्सूल खाल्लेलं तेल अंगी लागू देणार नाही. डॉक्टरांची चिठ्ठी नको, पथ्य नको, घाम नको. आता तुला खरं सांगतो, मी शिंपी आहे, मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं की ती पँट त्या माणसाची नाही. माणसाने वापरलेल्या पँटला गुडघ्याला पोक येतं, बसायच्या जागेला चकाकी येते, खिशाची कड मळते. ही पँट कोरी करकरीत होती. कोणा तरी माझ्यासारख्यानेच ती फोटोसाठी बेतली होती, आणि चांगली बेतली होती. हे सगळं कळत असूनही मी रस्ता ओलांडला. पुढच्या गोष्टीत माझी बाजू घ्यायची ठरवलीस तर हे वाक्य वगळ.

डब्यात एक कागद असतो, बारीक अक्षरांचा, घडी घातलेला. पातळ, मजबूत आणि कुरकुर न करणारा. असा कागद हल्ली मिळत नाही. मी त्याचा लगेच कॉलरचा आणि मनगटपट्टीचा साचा कापला. (त्यावर काहीतरी छापलेलं होतं हे खरं आहे. साचा कापताना मी मागची बाजू बघतो, कारण खडूची रेघ तिथे उठते.) त्यामुळे पुढचं जे काही त्या कागदात आधीच लिहिलेलं होतं, ते मला एकेक करून अनुभवातून शिकावं लागलं.

पांढऱ्या गोळीने पहिल्या आठवड्यात तोंड कोरडं पडलं. तुझ्यासारखीला यात काय मोठंसं वाटेल, पण आमचा सगळा धंदा थुंकीवर उभा आहे. दोऱ्याचं टोक ओलं केल्याशिवाय सुईत जात नाही. मी दिवसभर कोरडा दोरा डोळ्यासमोर धरून उभा, आणि हात थरथरतोय. शेवटी हिला हाक मारून दोरा ओवून घ्यायचा. ही दिवसातून वीस वेळा मशीन थांबवून यायची, ओवून द्यायची आणि परत मशीनवर बसायची. शिवाय झोप कमी झाली, आणि हातांना एक चाळा लागला. हा चाळा नीट लक्षात ठेव, बाकीचं विसरलीस तरी चालेल. गळ्यातली टेप दोन्ही हातांनी धरायची आणि ताणायची. गिऱ्हाईकाशी बोलताना ताणायची, हिशोब करताना ताणायची, कोणी नसलं तर खिडकीत उभा राहून ताणायची. टेप कापडी, कडक कांजी केलेली, याच वर्षी घेतलेली. हातांना बरं वाटायचं.

निळ्या कॅप्सूलबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण पत्र भावोजीही वाचतील. ती कॅप्सूल खाल्लेलं तेल अंगी लागू देत नाही ही जाहिरात शब्दशः खरी आहे. पण अंगी लागलं नाही तर ते जाणार कुठे, हा विचार मी केला नव्हता. आमच्या दुकानाच्या वर दंतवैद्य आहेत, ते त्या दिवशी आपल्या पांढऱ्या डगल्याच्या ट्रायलला आले होते. आदल्या रात्री मी गोळीच्या भरवशावर दोनदा तळलेलं वाढून घेतलं होतं. मी गुडघ्यावर बसलेला, ओठांत नऊ टाचण्या, दंतवैद्यांच्या दोन्ही बाह्या अंगाला टाचून झालेल्या, आणि निळ्या कॅप्सूलने आपलं काम पूर्ण झाल्याचं कळवलं. तोंडात टाचण्या असल्यामुळे मला काहीच सांगता येईना. मी हाताने "आलोच" अशी खूण केली आणि मागच्या दाराने गेलो. परत यायला वीस मिनिटं लागली. दंतवैद्य बिचारे हात पसरून आरशासमोर तसेच उभे, आणि वर त्यांचा रोगी सुन्न जबड्याने वाट बघतोय. त्या दिवसापासून मी गडद रंगाच्या पँटी घालतो.

एवढा त्रास असून मी गोळ्या सोडल्या का नाहीत, असं तू विचारशील. कारण ताई, गुण येत होता. दर सोमवारी दुकान उघडलं की मी पोटाचं माप घ्यायचो. पहिल्या सोमवारी बेचाळीस इंच. तिसऱ्या सोमवारी एक्केचाळीस. सहाव्या सोमवारी चाळीस. मापाच्या वहीत मी स्वतःच्या नावाचं पान उघडलं होतं आणि ते पान मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतो. खडू मात्र अजून हाताला लागत नव्हता. ही म्हणायची, तुमची पँट तर तश्शीच घट्ट दिसतेय. मी म्हणायचो, कापड आटलंय. वीस वर्षं दुसऱ्यांना जे सांगत आलो ते स्वतःच्या बाबतीत पटायला काहीच वेळ लागला नाही.

त्याच दिवसांत गिऱ्हाइकांचं एक विचित्र सुरू झालं. माप घेताना प्रत्येक जण बारीक निघायचा. जुन्या वहीपेक्षा इंचभर कमी, दीड इंच कमी. मी सांगायचो, माणसं खूश व्हायची. आणि आठ दिवसांनी कपडा घ्यायला आली की बटण लागायचं नाही. एक नाही, दोन नाही, सात जण. मी त्यावर विचार करून असा निष्कर्ष काढला की बारीक झालोय हे ऐकल्यावर लोक आठ दिवस बेताल खात सुटतात. माणसाचा स्वभावच तो. सगळं गाव फुगत चाललंय आणि गोळ्यांच्या जोरावर एकटा मी उतरतोय, अशी माझी समजूत झाली होती, आणि खोटं कशाला सांगू, त्या समजुतीत मी फार सुखात होतो. दंतवैद्यांना मी स्वतः रस्त्यापलीकडे नेऊन दोन्ही डबे घेऊन दिले.

आणि त्याच दिवसांत तू आलीस. निवृत्तीच्या समारंभासाठी राखाडी कोट. माप घेताना मी म्हटलं, ताई, तू दीड इंच उतरलीस. तू हसलीस. तू अशी सहसा हसत नाहीस, शाळेत तर मुळीच नाही, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. आठवड्याने तू कोट न्यायला आलीस तर पुढची दोन बटणं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. मी पुन्हा टेप लावली, टेप आठवड्यापूर्वीचंच माप दाखवते. मग मी म्हटलं, तू श्वास रोखून धरलायस, सोड. तू म्हणालीस, सोडलेलाच आहे. मी म्हटलं, मग आठ दिवसांत खाल्लंस तरी काय. दंतवैद्य तिथेच बसले होते. आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी तुला, जिने मला हात धरून पहिली सुई ओवायला शिकवली तिला, पोटावरून व्याख्यान दिलं. तू कोट टेबलावर ठेवलास, घडी घालून, कडा जुळवून, आणि गेलीस. समारंभात तू जुनाच स्वेटर घातला होतास हे मला भावोजींकडून कळलं. तीस वर्षांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. आणि एवढ्यावर न थांबता मी दुसऱ्या दिवशी तुला गोळ्यांचा डबा पोस्टाने पाठवला, वर चिठ्ठी: "मनावर घे, गुण येतो." त्या चिठ्ठीची आठवण झाली की मला आजही मशीनच्या खाली जाऊन बसावंसं वाटतं.

गेल्या बुधवारी इस्त्री करताना छाती धडधडायला लागली. कापड नसताना मोटरचं मशीन सोडून द्यावं, तशी. थांबेचना. हिने इस्त्रीचं बटण बंद केलं, माझ्या छातीवर हात ठेवला, दुकानाला कुलूप लावलं आणि मला डॉक्टरांकडे नेलं. यातल्या कुठल्याच गोष्टीसाठी तिने माझं मत विचारलं नाही.

डॉक्टरांनी डब्यातला कागद मागितला. हिने पिशवीतून कॉलर आणि मनगटपट्टी काढून दिली. त्यांनी ती उजेडात धरून वाचली. कॉलरवर कोरडं तोंड, निद्रानाश आणि हातांना कंप होता. मनगटपट्टीवर "रक्तदाब अथवा हृदयाचा विकार असल्यास" एवढं होतं, पुढचं मी काजासाठी कापलेलं. डॉक्टर शांत माणूस आहेत. त्यांनी विचारलं, गुण किती आला. मी अभिमानाने सांगितलं, बेचाळीसचा चाळीसवर आलो. त्यांनी मला काट्यावर उभं केलं. गेल्या हिवाळ्याच्या नोंदीपेक्षा पाऊण किलो जास्त. मग त्यांनी त्यांची टेप काढली, ती गुळगुळीत, न ताणली जाणारी, आणि माझ्या पोटाला लावली. साडेबेचाळीस.

मी म्हटलं, डॉक्टर, तुमची टेप चुकतेय. (बाहेर बसलेल्या रोग्यांनीही हे ऐकलं असं ही म्हणते.) वीस वर्षं मापं घेणाऱ्या माणसाला हे सांगण्याचा अधिकार आहे असं मला वाटलं. मी गळ्यातली माझी टेप काढली आणि दोन्ही टेपा तपासायच्या टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या. एकपासून वीसपर्यंत दोघी बरोबर चालल्या. पंचविसाला माझी थोडी पुढे गेली. तिसाला आणखी. आणि जिथे माणसांची पोटं येतात त्या पट्ट्यात, जिथे मी दोन महिने दोन्ही मुठींनी धरून ताणत होतो नेमकं तिथे, ती सैल पडत पडत अडीच इंच वाढली होती. माझ्या चाळिसापाशी त्यांचं साडेबेचाळीस होतं.

तर असं झालं. गोळीने हात अस्वस्थ झाले, हातांनी टेप ताणली, टेपने मला बारीक केलं. गोळीचा परिणाम झाला नाही असं मी अजूनही म्हणणार नाही, फक्त तो टेपवर झाला. आणि आम्ही अंगाचं माप टेपने घेतो पण कापड कापतो ते टेबलाच्या कडेला ठोकलेल्या पितळी खुणांवर, त्या काही ताणल्या जात नाहीत. म्हणून वहीत सगळे बारीक आणि कपड्यात सगळे जाड. डॉक्टरांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं की चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या या गोळ्यांपैकी बऱ्याच काहीच करत नाहीत, ज्या करतात त्या थोडंसं करतात, तेही माणूस कमी खाईल आणि चालेल तर, आणि जो कमी खातो आणि चालतो त्याचं त्यांच्यावाचूनही बरंचसं भागतं. हे ऐकायला मला दोन डबे, एक टेप आणि एक बहीण घालवावी लागली.

आता सातही गिऱ्हाइकांकडे जाऊन आलो. कपडे परत आणले, उसवले, फुकट सैल करून दिले. लोक चिडले नाहीत, उलट आपण जाड झालो नाही या आनंदात दोघांनी नवीन कपडे शिवायला टाकले. दंतवैद्यांच्या गोळ्या बंद केल्या. त्यांचाही हात थरथरायला लागला होता, आणि थरथरणारा शिंपी एक वेळ चालतो. तुझा कोट काल रात्री जेवण झाल्यावर उसवला. ती ताणलेली टेप पितळी खुणांवर ठेवून तुझं खरं माप काढलं आणि वहीतल्या बारा वर्षांपूर्वीच्या मापाशी ताडून बघितलं. ताई, तू एका सुतानेही वाढलेली नाहीस. तू होतीस तेवढीच आहेस. शिवणीच्या आत मी दीड इंच जादा कापडाची माया सोडलेली होती, ती सगळी बाहेर काढली, कोट आता बरोबर बसेल. समारंभ होऊन गेला हे मला माहीत आहे. तो दिवस मला कुठून उसवून आणता येत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि हे विनोदाने लिहिलेलं नाही.

गोळ्यांचं म्हणशील तर मी त्या सोडल्या. छाती आता बरी आहे. काळजी करू नकोस.

तुझा, एके काळचा,
टाचणी

ता. क. भावोजींना सांग, त्यांच्या पँटी मी जुन्या टेपने मोजलेल्या नाहीत, त्या घट्ट होत असतील तर त्यांचं त्यांनी बघावं.

ता. क. दुसरा. ते खोकं फेकू मात्र नकोस. उघडलेलं नसेल तर तसंच उलट टपाली परत पाठव, घरच्या पत्त्यावर नको, दुकानाच्या पत्त्यावर. माझ्या नावाने, "स्वतः उघडावे" असं लिहून. मला ते फक्त नमुना म्हणून हवंय, गिऱ्हाइकांना दाखवायला. काल नव्या टेपने पुन्हा मोजलं तेव्हा पावणेत्रेचाळीस भरलं, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून खालच्या रिकाम्या जागेत चार ओळी लिहिते. यांनी गोळ्या सोडलेल्या नाहीत, संपल्यात. औषधवाल्याला मी बजावून ठेवलंय, तो आता यांना देत नाही, म्हणून तुमच्याकडचा डबा हवाय. परवा पुन्हा छाती धडधडली, मला कळू नये म्हणून बाहेर पायरीवर जाऊन बसले होते. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. लहानपणापासून एका माणसाला घाबरतात, ती तुम्ही. खोकं बिलकूल पाठवू नका, तेवढा एक फोन करा. रागावूनच बोला, हवं तेवढं बोला. फोन वाजला की रोज तेच आधी धावतात, आणि तुमचा नसला की रिसीव्हर माझ्या हातात देऊन मशीनवर जाऊन बसतात.